वाचकांचे प्रश्न : उल्रिकाची भूमिका आणि आपली तालीम

मागच्या अंकात यान त्रोएल या स्वीडिश दिग्दर्शकाच्या ‘द एमिग्रंट्स’ (१९७१) आणि ‘द न्यू लँड’ (१९७२) या जोडचित्रपटांची ओळख करून दिली होती. स्वीडनच्या स्मोलंड भागातलं एक शेतकरी कुटुंब १८५० मध्ये खडकाळ वावर सोडून जहाजानं अमेरिकेला निघतं आणि मिनेसोटात एका तळ्याकाठी नव्यानं जमीन फोडतं, अशी ही गोष्ट. मूळ कादंबरीमाला विल्हेल्म मोबेर्ग यांची. नवरा कार्ल ऑस्कर झाला आहे माक्स फॉन सिडो, बायको क्रिस्टिना झाली आहे लिव उलमन. पत्रं आली ती मात्र जास्त करून उल्रिकाबद्दल, म्हणजे मोनिका सेटरलुंडनं केलेल्या दुय्यम भूमिकेबद्दल. (तिच्या आडनावाचं पहिलं अक्षर झेड असलं तरी स्वीडिश उच्चार ‘स’चाच होतो.) राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू असल्यामुळे बरेच प्रश्न थेट रंगमंचाचे आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

उल्रिकाचे प्रवेश मोजले तर थोडे भरतात. तरी चित्रपट संपल्यावर तीच डोळ्यांसमोर राहते. हे लेखनाचं श्रेय की अभिनयाचं?
— एक प्राध्यापिका, धरमपेठ

दोन्हींचं, पण वाटणी नीट समजून घ्यायला हवी.

लेखकानं तिला भक्कम पाया दिला आहे. उल्रिका गावानं बदनाम ठरवलेली, देहविक्रय करून जगलेली बाई. कादंबरीत ती लहानपणीच अनाथ होते आणि गावच्या लिलावात विकली जाते. हा लिलाव उलटा असे. गरीब, निराधार माणसाला सगळ्यांत कमी पैशांत सांभाळायला जो तयार होईल, त्याच्या हवाली करायचं आणि ते पैसे गावानं द्यायचे. ही प्रथा स्वीडनमध्ये खरोखर होती. कायद्यानं ती बंद झाली १९१८ मध्ये. अशा बाईला क्रिस्टिनाचा मामा दानियेल आपल्या घरच्या प्रार्थनासभेत बसवून घेतो. पाद्र्याशिवाय घरी जमून प्रार्थना करणं तेव्हा गुन्हा होता, तो कायदा १७२६ पासून १८५८ पर्यंत चालला. म्हणून ही माणसं देश सोडतात, आणि क्रिस्टिनाला नको असलेली उल्रिका आपल्या तरुण मुलीसह त्याच जहाजावर चढते.

पुढचं काम अभिनेत्रीचं. जहाजावर उवा होतात तेव्हा क्रिस्टिना सरळ उल्रिकावर आळ घेते. उल्रिका अंगावरचे कपडे उतरवून दाखवते, आणि आळ खोटा ठरतो. हा प्रसंग रडून करता आला असता, आरडाओरडा करूनही करता आला असता. सेटरलुंड तो पुरावा दाखवल्यासारखा करते. तिला दया नको आहे, तपासणी हवी आहे. त्यामुळे लाज तिच्या अंगाला न चिकटता आळ घेणारीकडे जाते, आणि कॅमेऱ्याला क्रिस्टिनाचा चेहरा बघावासा वाटतो. पुढे अमेरिकेत प्रवासात क्रिस्टिनाची लहान मुलगी हरवते, उल्रिकाच ती शोधून आणते. तिथून दोघींची मैत्री सुरू होते. ती मैत्री पटते, कारण आधीच्या प्रसंगात उल्रिकानं क्रिस्टिनाला वाईट ठरवलेलं नसतं. फक्त चुकीचं ठरवलेलं असतं.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट. उवांचा प्रसंग आवाज बंद करून दोनदा बघा. पहिल्यांदा फक्त उल्रिकाकडे, दुसऱ्यांदा फक्त बाकीच्यांकडे. कोण केव्हा नजर वळवतं ते कागदावर लिहा. दुय्यम भूमिकेचं वजन त्या दुसऱ्या कागदावर सापडतं.

स्पर्धेच्या नाटकात मला गावानं वाळीत टाकलेल्या बाईची भूमिका आहे. तीनच प्रवेश. दिग्दर्शकांचं म्हणणं : कमरेवर हात, तोंडात पान, मोठ्यानं हसायचं. मनाला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही.
— एक हौशी अभिनेत्री, महाल

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. कमरेवरचा हात आणि तोंडातलं पान ही गावानं त्या बाईला चिकटवलेली चित्रं आहेत. ती स्वतः सकाळी उठून ‘मी बदनाम आहे’ असं करत पाणी भरत नाही. तुम्ही गावाची नजर अंगावर घेतलीत तर गावाला करायला काही उरत नाही, आणि तुमचा प्रवेश पहिल्या अर्ध्या मिनिटात संपतो.

सुरुवात कामापासून करा. तिन्ही प्रवेशांसाठी एकेक ओळ लिहा : ही बाई इथे कशासाठी आली? उसने दाणे परत करायला, मुलीचं औषध मागायला, बोचकं ठेवायला. ‘भांडायला आली’ हे उत्तर चालणार नाही. भांडण हे काम अडल्यामुळे होतं.

नंतर बदनामी दुसऱ्यांकडे सोपवा. दिग्दर्शकांना एवढंच सुचवा की तुम्ही ओसरीवर टेकलात की शेजारीण आपला तांब्या आत ओढून घेईल, कुणी पोराला हाक मारून जवळ बोलावेल. एका तांब्यानं जे कळतं ते दहा मिनिटं पान चघळून कळत नाही. तुम्ही मात्र तांब्याकडे बघायचं नाही. बघितलंत तर ते आज पहिल्यांदा घडतंय असं होईल, आणि हे तिच्या आयुष्यात रोजचं आहे.

हातांचं काम सगळ्यांत अवघड, म्हणून ते जरा जवळून सांगतो. समजा प्रवेश सहा मिनिटांचा आहे आणि तुमच्याकडे बोचकं आहे. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या आणि गाठ घरूनच घट्ट मारून आणा. निसरड्या ओढणीची गाठ आपोआप सुटते, तो घोळ नको. आत खरं वजन हवं, दीडेक किलो धान्य टाका. रिकामं बोचकं उचलताना खांदा खोटं बोलतो. आल्यावर गाठ सोडायला लागा. समोरून आळ येतो त्या वाक्यातला नेमका एक शब्द निवडा, त्या शब्दावर बोटं थांबवा. चेहरा वर करायची घाई नको. मनात तीन अंक मोजा. मग उत्तर द्या, आणि उत्तर देतानाच गाठ पुन्हा सोडायला लागा. सहा मिनिटांत हात एकदाच थांबले तर तो थांबा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

इथे दोन चुका हमखास होतात. समोरचा बोलायला लागला की नटी काम सोडून ऐकण्याचा चेहरा करून उभी राहते, हातातलं बोचकं शोभेचं होतं. नाहीतर हात सतत चाळवत राहतात, प्रेक्षक बोटं बघतात आणि वाक्य वाया जातं. दोन्हींवर उपाय एकच. तालमीच्या पहिल्या आठवड्यात संवाद न बोलता फक्त ते काम पूर्ण करा. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा आणि संवाद त्या वेळेवर बसवा.

आवाजाबद्दल. आळ ऐकल्यावरचं तुमचं पहिलं वाक्य समोरच्याच्या शेवटच्या वाक्याहून खालच्या पट्टीत घ्या. वरून सुरुवात केली की पुढे चढायला जागा राहत नाही आणि तिसऱ्या वाक्याला घसा बसतो. सेटरलुंडचा आवाजच मुळात खालचा, सरळ, कमी कंप असलेला. तिच्यासारखा आवाज आणायला जाऊ नका, तो ओढूनताणून येत नाही. तिची पट्टीची शिस्त तेवढी घ्या.

आणि रडू नका. निदान पहिल्या दोन प्रवेशांत तरी. तुम्ही रडलात की प्रेक्षकांनी काय करायचं ते ठरून जातं. तिसऱ्या प्रवेशात रडू आलंच तर ते लपवण्याचं काम करा, पदराचं टोक शोधा, पाठ फिरवा, चूल फुंका.

शेवटची अडचण सभागृहाची. चित्रपटात डोळ्याची पापणी हलली तरी दिसते. नागपूरच्या सुरेश भट सभागृहात जवळपास दोन हजार खुर्च्या आहेत, तिथे पापणी पाचव्या रांगेतच हरवते. म्हणून जे पडद्यावर डोळ्यांनी होतं ते रंगमंचावर मानेनं करा, आणि मानेचं काम खांद्यांनी. मोठं करायचं नाही, फक्त एक पायरी खाली उतरवायचं. तपासायला नाटक माहीत नसलेलं कुणीतरी शेवटच्या रांगेत बसवा आणि प्रवेश झाल्यावर एकच प्रश्न विचारा : हिला नेमकं कुठल्या शब्दाला लागलं? उत्तर चुकलं तर हातांचा थांबा एक शब्द आधी किंवा नंतर सरकवून बघा. दोन-तीन वेळात जमतं.

सेटरलुंड मूळची गायिका होती असं वाचलं. आमच्या संघात गाणारी एक मुलगी आहे, तिला मोठी भूमिका द्यावी का? गाणारे संवादही गातात, ही भीती वाटते.
— नाट्यशिक्षक, मानेवाडा

सेटरलुंड जाझ गायिका होती, तीही साधीसुधी नाही. १९६४ मध्ये पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर तिनं केलेली ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. त्याच्या आदल्याच वर्षी युरोव्हिजन गीतस्पर्धेत तिला शून्य गुण मिळाले होते, गायकीत कमतरता नसताना. विशेष असं की २०२१ मध्ये याच कादंबरीवर नवा चित्रपट आला तेव्हाही उल्रिकाची भूमिका तूव्ह लू या पॉप गायिकेला मिळाली. गायिकेला अशा भूमिकेसाठी निवडण्यामागे काही तर्क असणार. आमच्या मते तो तालाचा आहे.

जाझ गाणारा माणूस शब्द ठेक्यावर आपटत नाही, किंचित मागे ठेवतो. संवादात तेच केलं की बोलणारी व्यक्ती विचार करून बोलतेय असं वाटतं. तुमची भीती खोटी नाही. सुगम संगीत शिकलेली मुलं वाक्याच्या शेवटी स्वर लांबवतात, ‘आले नाहीऽऽ’ असं. तो दोष सुराचा आहे. ताल तुमच्या कामाचा आहे, म्हणून सूर काढून ताल ठेवायचा.

सराव असा. केरवा हातानं धरा, आठ मात्रा, मध्यम लय. समोरच्याचं वाक्य समेवर संपवायला सांगा. उत्तर पहिल्यांदा पुढच्याच मात्रेवर सुरू करायचं, दुसऱ्यांदा तिसऱ्या मात्रेवर, तिसऱ्यांदा पाचव्या. वाक्य तेच, पट्टी तीच. ऐकणाऱ्याला तीन वेगळे अर्थ लागतात. पुढच्याच मात्रेवरचं उत्तर उद्धट वाटतं, तिसऱ्यावरचं तोलून दिलेलं, पाचव्यावरचं दुखावलेलं. स्वर लांबतो आहे असं दिसलं तर तेच वाक्य कुजबुजत म्हणायला लावा. कुजबुजीत सूर लागतच नाही. दहा-बारा दिवस रोज वीस मिनिटं केलं की लय उरते आणि गाणं गळून पडतं.

मोठी भूमिका द्यावी का? आधी तीन प्रवेशांची द्या.

नाटकातलं कुटुंब आठवडेच्या आठवडे प्रवास करून येतं. कपडे कितीही मळवले तरी ‘आत्ताच मळवले’ असं दिसतं. आणि उवा दाखवायला गेलो की लोक हसतात.
— वेशभूषा बघणारे एक वाचक, सक्करदरा

कादंबरीतला समुद्रप्रवास दहा आठवड्यांचा आहे. दहा आठवड्यांत कपडा मळण्यापेक्षा जास्त झिजतो, म्हणून मळवण्याआधी झिजवा. कोपर, गुडघे, मागची बसण्याची जागा, पदराची कड आणि बोचक्याचा पट्टा जातो तो खांदा एवढ्याच जागा मध्यम खरखरीच्या पॉलिश पेपरनं घासा. बाकीचा कपडा सोडून द्या.

नंतर चहाचं पाणी. पाच लिटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम चहापूड वीस मिनिटं उकळा, गाळून घ्या, दोन मोठे चमचे मीठ टाका. कपडा आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मग त्या चहात अर्धा तास. कोरडा कपडा बुडवला तर डाग धरतो. सगळा कपडा सारखा तपकिरी झाला तर तो रंगवलेला दिसतो, म्हणून बाहेर काढल्यावर चुरगाळून, गाठी मारून वाळवा. घडीच्या जागा गडद होतात, उरलेलं फिकं राहतं. हे सुती आणि खादीवर जमतं. पॉलिस्टर चहा धरत नाही, वरून ते दिव्यांच्या उजेडात चमकतं, ते वापरूच नका. कपडा दोनदा तरी पूर्ण तालमीत घामानं भिजू द्या. नागपुरात त्याची ददात नाही.

आता उवा. लोक हसतात कारण नट सगळं अंग खाजवतात. डोक्यातल्या उवा प्रामुख्यानं कानामागे आणि मानेवर केसांच्या मुळाशी असतात, लिखाही तिथेच चिकटतात. अंगावरच्या उवा वेगळ्या. त्या राहतात कपड्यांच्या शिवणीत आणि अंगाला येतात फक्त चावायला. म्हणून खाजवण्याऐवजी शोधणं दाखवा. एका बाईनं लेकराची मान पुढे वाकवायची, दोन अंगठ्यांच्या नखांनी केस बाजूला करायचे आणि एकदम थांबायचं. बस. किंवा झंपराची शिवण उलटी करून उजेडाकडे धरायची. सवयीची कृती आणि मध्येच पडलेला खंड. यात हसू येत नाही, कारण घरोघरी बायांनी हे केलेलं आहे आणि त्यातली धास्ती त्यांना ठाऊक आहे.

घरी आम्ही ‘मले-तुले’च बोलतो. नाटकातली वाळीत टाकलेली बाई वऱ्हाडीत बोलते, बाकीचे पुणेरी. परीक्षकांना बोली आवडते म्हणतात. चित्रपटात बोलीचं काय केलं आहे?
— एक अभिनेता, हिंगणा रोड

लिव उलमन नॉर्वेची आणि सेटरलुंड स्वीडनच्याच, पण वेर्मलंड या दुसऱ्या भागात वाढलेली. म्हणजे स्मोलंडच्या या दोन बाया साकारणाऱ्या दोघीही तिथल्या नव्हेत. तरी एकाच गावच्या वाटतात. कामाची गोष्ट तेवढीच : एका गावची माणसं एका गावची वाटली पाहिजेत.

तुमच्या नाटकात तसं होत नाहीये. बदनाम बाई एकटी वऱ्हाडी आणि पाटलीणबाई पुणेरी, असं केलं की बोली हाच तिचा कलंक होतो. आम्हाला हे मनापासून खटकतं. गाव वऱ्हाडातलं असेल तर पाटलीणही ‘मले’ म्हणेल आणि पाटीलही ‘कायले’ विचारेल. दिग्दर्शकांशी यावर बोलाच.

बोली सगळ्यांना द्यायची तर संहितेवर सगळी वैशिष्ट्यं ओतू नका, तीन निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. ‘मला’चं ‘मले’. ‘येत आहे’चं ‘येऊन राहिली’. आणि ‘ळ’चा ‘य’, म्हणजे ‘डोया’, ‘काया’. शहरात वाढलेल्या नटांची जीभ तिसऱ्याला अडखळते. त्यांच्यासाठी पहिली दोनच ठेवा, पण मग सगळ्यांनीच दोन ठेवा. एकाच वाक्यात ‘मला’ आणि ‘तुले’ आलं की इथला प्रेक्षक ते लगेच पकडतो. आणखी एक : हशा आला म्हणून बोली ओढू नका. झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत बोलीवर हशाही मिळतो आणि डोळ्यांत पाणीही येतं, दोन्ही त्याच शब्दांनी. ओढ घेतली की पाणी आटतं.

सेटरलुंडला ऑस्करचं नामांकन होतं का?
— एक वाचक, वर्धा

नव्हतं. ‘द एमिग्रंट्स’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि लिव उलमनसाठी प्रमुख अभिनेत्री अशी नामांकनं होती, त्याआधीच्या वर्षी परभाषी चित्रपटाचंही. उल्रिकाच्या भूमिकेसाठी सेटरलुंडला स्वीडनचा गुल्डबागे पुरस्कार मात्र मिळाला.

दोन्ही चित्रपट बघायचे आहेत. कुठली आवृत्ती घ्यावी? सलग बघावे का?
— निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

आधी लांबी तपासा. पहिला चित्रपट मुळात १९१ मिनिटांचा आहे, दुसरा त्याहून थोडा मोठा. पहिल्याची काटछाट केलेली आवृत्ती अमेरिकेत दाखवली गेली होती. अडीच तासांच्या आसपासची प्रत समोर आली तर ती बाजूला ठेवा. कात्री लागते तेव्हा सगळ्यांत आधी दुय्यम पात्रांच्या शांत जागा जातात. इंग्रजी आवाज भरलेली प्रतही नको. स्वीडिश आवाज आणि खाली अक्षरं हीच घ्या, नाहीतर ज्या आवाजाबद्दल आपण इतकं बोललो तो ऐकूच येणार नाही. २०१६ मध्ये क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपनीनं दोन्ही चित्रपट एकत्र काढले आहेत, ती जोडी चांगली.

सलग बघू नका, साडेसहा तास होतात. पहिला एका दिवशी. शेवटी कार्ल ऑस्कर तळ्याकाठी आपली जमीन शोधतो आणि झाडाला टेकून बसतो, तिथे थांबा. दुसरा त्याच आठवड्यात बघा, फार दिवस जाऊ देऊ नका. दुसऱ्यात उल्रिका एका बाप्टिस्ट पाद्र्याशी लग्न करून प्रतिष्ठित झालेली दिसते आणि क्रिस्टिनाच्या बाळंतपणाला धावून येते. जहाजावरची ती ताजी आठवत असेल, तर बाळंतिणीच्या खाटेजवळ ती बाह्या सावरते तेव्हा त्या हातांकडे नीट लक्ष जाईल.